माझ्या मशीनवर चालतंय

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेला कोड कुठे मोडतो ते शोधून काढायचं आणि तसं लिहून कळवायचं, याचा मला पगार मिळतो. कळवलं की पलीकडून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं : ‘माझ्या मशीनवर चालतंय.’ बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याच्या मशीनवर खरंच चालत असतं. सहा महिन्यांपूर्वी त्यानं काहीतरी बसवलेलं असतं, ते आता तो विसरलेला असतो, आणि नेमकं तेच माझ्या मशीनवर नसतं. एवढ्या साध्या गोष्टीवर आमच्या धंद्यात रोज तासन् तास भांडणं होतात.

नागपूर सोडून मी कोलकात्याला आले ती याच नोकरीसाठी. ऑफिस सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये. आमच्या मजल्याच्या पूर्वेच्या खिडकीतून पाणी दिसायचं, थेट क्षितिजापर्यंत चौकोनी तुकडे पाडलेलं. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, ‘हे कुठलं तळं?’ शेजारच्या मुलीनं मान वर न करता सांगितलं, ‘भेडी.’ मला भेंडी ऐकू आलं. भेडी म्हणजे मातीचे बांध घालून केलेलं मासळीचं तळं, हे समजायला आणखी महिना गेला, आणि त्या तळ्यांत शहराचं सांडपाणी येतं हे समजल्यावर कँटीनमधली रुई, म्हणजे रोहू मासळी, काही दिवस घशाखाली उतरेना.

पुढे उतरली. कारण हे गौडबंगाल नेमकं काय आहे ते वाचून काढलं. विद्याधरी नदी गाळानं भरत गेली आणि १९२८ साली ती मृत झाल्याचं जाहीर झालं. तिच्या खाऱ्या पाण्यावरची मासेमारी बुडाली, तेव्हा तिथल्या लोकांनी शहराचं मैलापाणी हिशेबानं आत घ्यायला सुरुवात केली. कमरेएवढं उथळ पाणी, वरून ऊन. उन्हात शेवाळ वाढतं, जिवाणू मैला फोडतात, मासे ते शेवाळ खातात. काही आठवड्यांत काळं पाणी हिरवं होऊन पुढे धानाच्या शेतात जातं. हे कुणा इंजिनिअरनं कागदावर आखलेलं नव्हतं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ध्रुवज्योती घोष नावाचे सरकारी इंजिनिअर शहराच्या सांडपाण्याचं पुढे काय होतं ते बघायला कालव्याच्या कडेनं निघाले आणि या तळ्यांपाशी येऊन पोचले. पुढचं आयुष्य त्यांनी ही तळी जगाला समजावून सांगण्यात घालवलं. २००२ साली १२,५०० हेक्टरांचा हा पट्टा रामसर यादीत गेला. घोष २०१८ मध्ये वारले. त्यांचं लिखाण वाचताना मला टेस्टर म्हणून एक गोष्ट भावली : हा माणूस तिथल्या कोळ्यांकडे शिकवायला गेला नव्हता, विचारायला गेला होता.

२० मे २०२०ला अंफन चक्रीवादळ आलं, तेव्हा करोनामुळे आम्ही सगळे घरूनच काम करत होतो. मी राहत होते कसब्यात. कसबा म्हटल्यावर पुणेकरांना गणपती आठवेल. हा कोलकात्यातला, बालीगंजच्या पूर्वेचा. त्या रात्री शहरात हजारो झाडं पडली. वीज चार दिवसांनी आली. रस्ते मोकळे झाल्यावर मी सायकल काढून बासंती हायवेनं पूर्वेला जाऊ लागले. कोंडलेल्या त्या दिवसांत तेवढाच मोकळा वारा. तिथे एका भेडीवर राखणीला असलेल्या दादांची ओळख झाली. वय साठीच्या पुढे, खांद्यावर गमछा, बोलणं मोजकं. बांधावरच्या राखणीच्या झोपडीला तिथे आलाघर म्हणतात. वादळात त्यांची तीन आलाघरं उडाली होती आणि एक बांध फुटून दोन तळी एक झाली होती. ‘बांध नेमका कुठून होता यावर शेजाऱ्याशी वाद चाललाय,’ ते म्हणाले. ‘आधीचा फोटो असता तर बरं झालं असतं.’

मी मोबाइलवर उपग्रहाचं चित्र काढून दाखवलं. त्यांनी डोळे बारीक केले. ‘यात माझं आलाघर दाखव.’ मला दाखवता येईना. फुकट आणि नियमित मिळणारी जी उपग्रहचित्रं आहेत, त्यांत एक ठिपका दहा मीटरांचा असतो. आलाघर एका ठिपक्याच्याही आत मावतं. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर बहुतेक वेळा चित्रात नुसते ढग. ढगांच्या खाली आणि झाडांच्या वर कॅमेरा हवा, हे तिथेच कळलं. तो वर कसा न्यायचा, हे नागपूरच्या पोरीला वेगळं सांगायला नको होतं. आमच्याकडे संक्रांतीला कुणी घरात थांबत नाही.

पतंगाला कॅमेरा बांधायची कल्पना माझी नव्हे. फ्रान्समध्ये आर्थर बातू यांनी १८८८ मध्येच तसे फोटो काढले होते. १९०६ साली भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्कोचा प्रसिद्ध फोटो जॉर्ज लॉरेन्स यांनी पतंगांच्या माळेला वीसेक किलोंचा कॅमेरा लटकवून घेतला. आणि २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरीचा स्फोट होऊन समुद्रभर तेल पसरलं, तेव्हा लुइझियानाच्या किनाऱ्यावरच्या साध्या माणसांनी पतंग आणि हेलियमचे फुगे वर सोडून स्वतःच किनारा टिपला. तिथूनच पब्लिक लॅब ही संस्था उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक, जेफ्री वॉरन, त्याआधी पेरूतल्या लिमामध्ये वस्तीतल्या लोकांबरोबर असेच नकाशे करत होते. आखातातून एक लाखाहून अधिक फोटो जमले. ते जोडायला एक सॉफ्टवेअर लागलं. त्याचं नाव मॅपनिटर, म्हणजे नकाशे विणणारं. आपण काढलेला फोटो उपग्रहचित्रावर ठेवायचा, त्याचे चार कोपरे चिमटीत धरल्यासारखे ओढायचे, मधूनमधून फोटो अर्धपारदर्शक करून खालचं चित्र बघायचं, रस्त्यावर रस्ता आणि छपरावर छप्पर बसलं की कुलूप लावायचं. मग दुसरा फोटो. गोधडीच.

सॉफ्टवेअर मुक्त होतं. कोणीही घ्यावं, बदलावं, आणि बदललेलं पुन्हा सगळ्यांसाठी खुलं ठेवावं, एवढीच अट. मला ते माझ्याच मशीनवर बसवायचं होतं, कारण बांधावर नेट मिळत नव्हतं आणि दादांना तिथेच बसून चित्र दाखवायचं होतं.

डिसेंबरात मी बसवायला घेतलं. ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःचं काही बसवता येत नाही, म्हणून नागपूरहून भावाचा जुना लॅपटॉप मागवला : चार जीबी मेमरी, बिजागरीला इन्सुलेशन टेप. त्यावर उबुंटू टाकलं. गिटहबवरून कोड उतरवला. मॅपनिटर रूबी भाषेत, रेल्सच्या सांगाड्यावर लिहिलेलं आहे. त्यासाठी रूबीची नेमकी ठरलेली आवृत्ती हवी, जवळपासची चालत नाही. ती मिळवण्यात एक संध्याकाळ गेली. मग ‘बंडल इन्स्टॉल’ ही आज्ञा दिली. म्हणजे वाण्याकडे यादी टाकणं : त्या सॉफ्टवेअरला लागणारे दुसऱ्यांनी लिहिलेले शेकडो तुकडे एकेक करून येऊ लागतात. पडद्यावर हिरव्या ओळी धावत होत्या. माशीमा, म्हणजे घरमालकीण, चहा घेऊन वर आल्या, धावत्या ओळींकडे कौतुकानं पाहत राहिल्या, आणि त्याच क्षणी लाल ओळ आली.

मायएस्क्यूएल या माहितीसाठ्याशी बोलणारा तुकडा तयार होईना. निरोप वीस ओळींचा होता आणि कारण विसाव्या ओळीत. माझ्या मशीनवर एक लहानसं पॅकेज नव्हतं. ते नसेल तर तो तुकडा जुळतच नाही. मला ते शोधायला तीन रात्री लागल्या. सापडल्यावर एक आज्ञा आणि अकरा सेकंदं. मग इमेजमॅजिक, जे फोटो ताणून तिरका करतं. मग जीडॅल, जे त्या ताणलेल्या फोटोला अक्षांश-रेखांश चिकटवतं. इमेजमॅजिकची सुरुवात १९८७ची, जीडॅलची १९९८ची. ज्या माणसांनी ते लिहायला घेतलं त्यांच्या डोळ्यांसमोर भेडी नव्हती, पतंग नव्हता, मी तर नव्हतेच. तरी त्यांच्या कामाच्या पाठीवर पाय ठेवून मला माझ्या फोटोपर्यंत जायचं होतं.

नवव्या दिवशी रात्री दीड वाजता ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत ‘लोकलहोस्ट’, म्हणजे माझ्याच मशीनचा पत्ता, टाइप केला आणि पान उघडलं. रिकामा नकाशा. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. खालून माशीमांनी विचारलं, ‘की होलो?’

दुसऱ्या दिवशी मी एक काम केलं, जे टेस्टर असूनही इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. प्रकल्पाच्या रीडमीत, म्हणजे बसवण्याच्या सूचनांत, ‘तुमचं मशीन कोरं असेल आणि या टप्प्यावर अमुक लाल ओळ आली, तर आधी हे पॅकेज टाका’ अशी दोन ओळींची भर घातली आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्यायची विनंती, पाठवली. सूचना चांगल्याच होत्या. पण सूचना लिहिणाऱ्याच्या मशीनवर ते पॅकेज वर्षानुवर्षं असतं. ते ‘नसणं’ त्याला दिसणारच कसं? दिसतं ते फक्त नवख्याला, आणि तेही एकदाच, अडखळायच्या क्षणी. पुढे गेलं की तोही विसरतो. म्हणून अडखळल्या जागी लगेच लिहून ठेवायला हवं. पब्लिक लॅबच्या मंडळींनी ही गोष्ट बरोबर ओळखली होती. त्यांच्या कामांच्या यादीत काही कामांवर ‘फर्स्ट टायमर्स ओन्ली’ अशी चिठ्ठी असायची. काम इतकं लहान की अनुभवी माणूस पाच मिनिटांत करील. पण ते मुद्दाम नवख्यासाठी राखून ठेवलेलं, कोणती फाइल, कोणती ओळ, काय बदलायचं हे सगळं लिहून. आपल्या कॉलेजांतली किती तरी मुलंमुली तिथूनच आत शिरलेली मला दिसली. माझ्या दोन ओळींवर कुणीतरी आभार मानले, एक स्वल्पविराम सुधारायला सांगितला, आणि त्या आत गेल्या. चाळिशीजवळच्या बाईला एवढा आनंद शोभत नाही, पण झाला.

आता पतंग. कोलकात्यात पतंग विश्वकर्मापूजेला, सप्टेंबरात उडतात. त्यांची नावं एकेक ऐकण्यासारखी : पेटकाटी, चांदियाल, मुखपोडा, बग्गा. पण हे लढाऊ पतंग, स्वतःच्या शेपटापलीकडे वजन उचलत नाहीत. कॅमेरा न्यायला जपानी रोक्काकु घाटाचा षट्कोनी, माझ्यापेक्षा उंच पतंग हवा होता. मोडक्या छत्र्यांचं कापड जमवून आणि बांबूच्या कामट्या तासून तो मी माशीमांच्या गच्चीवर शिवला. कन्नी बांधताना हात आपोआप चालला. लहानपणी शिकलेला कोन तीस वर्षांनीही बोटांत होता. चांदनी मार्केटमधून जुना कॅननचा खिशातला कॅमेरा आणला. त्याच्या कार्डावर सीएचडीके नावाची मुक्त आज्ञावली टाकली की तो दर पाच सेकंदांनी आपोआप फोटो काढतो. कार्ड काढलं की पुन्हा पूर्वीसारखा साधा. कॅमेरा सरबताच्या कापलेल्या बाटलीत बसवला. वाऱ्यानं तो झोके घेऊ नये म्हणून दोऱ्यांची फुलीसारखी टांगणी केली, जी १९१२ साली पिकावे नावाच्या फ्रेंच माणसानं शोधली होती. दोर साधा नायलॉनचा. काचेचा मांजा मी हातातसुद्धा धरत नाही. इथल्या मा फ्लायओव्हरवर मांज्यानं गळे कापल्याच्या बातम्या वाचून ज्याचा हात थरथरत नाही, त्यानं पतंग उडवू नये.

माशीमा या सगळ्याकडे बघून म्हणाल्या, ‘बर्गी आली आणि गच्ची बळकावली.’ बंगालात बाळाला झोपवतानाच्या गाण्यात अजून बर्गी येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, आणि १७४२पासून वर्षानुवर्षं इकडे येत राहिले ते नागपूरकर रघूजी भोसल्यांचेच स्वार. त्यांच्या धास्तीनं कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला, तो पुरा होण्याआधीच गरज संपली, आणि पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली अजून आहे. मी नागपूरची हे कळल्यापासून पौष संक्रांतीला माशीमा ‘ही घे तुझी चौथाई’ म्हणून ताटात गोड पाटिसाप्टा वाढतात. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात मी ही गोष्ट सांगितली, तेव्हा तिथल्या एका आजोबांना हसता हसता ठसका लागला.

कायद्याचीही एक गंमत कळली. तेव्हा लागू असलेल्या १९३४च्या विमान कायद्याच्या व्याख्येत फुगे आणि ग्लायडर यांच्या शेजारी पतंगही होता. संक्रांतीला नागपूरच्या गच्च्यांवर किती विमानं असतात ते त्या कायद्याच्या कर्त्यांना ठाऊक नसावं. मी मात्र विमानतळापासून दूरची, दक्षिणेकडची तळी निवडली, तळ्यांची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाला आणि ठाण्यात आधी सांगून ठेवलं. १५ फेब्रुवारी २०२१ला केंद्रानं नकाशे करण्यावरची बरीचशी पूर्वपरवानगीची बंधनं उठवली, ते वाचून जीव आणखी हलका झाला.

राहिला वारा. हिवाळ्यात इथे वारा मेलेला असतो. दादा म्हणाले, ‘फाल्गुनातला दखिना येऊ दे.’ मार्चच्या पहिल्या आठवड्यात दक्षिणेचा वारा सुटला. ऐंशी-नव्वद मीटर दोर सोडला की कॅमेरा साठेक मीटर उंच जायचा. तिथून एका फोटोत पाऊणशे मीटर रुंदीचा तुकडा येतो आणि एक ठिपका जेमतेम दोन सेंटिमीटरांचा असतो. आलाघराच्या छपरावर वाळत टाकलेली जाळी मोजता येत होती. दादा बांधावरून चालत होते, मी मागे दोर धरून. बगळे आमच्याकडे संशयानं बघत होते.

रात्री फोटो मॅपनिटरमध्ये टाकले आणि तोंड कडू झालं. बांधाचे फोटो पटापट बसले. पण तळ्याच्या मधल्या फोटोंत नुसतं हिरवं पाणी. कोपरा धरून ओढायचा तो कशावर आणून ठेवायचा? पाण्याला खूण नसते. दीडशे फोटोंतले नव्वद असे. मी सवयीनं ‘निरुपयोगी’ नावाचं फोल्डर केलं आणि ते त्यात टाकले.

रविवारी लॅपटॉप घेऊन बांधावर गेले. दादांनी विचारलं, ‘मधले कुठे आहेत?’ मी फोल्डर उघडून दाखवलं. ते एकेक बघत गेले, कुठलीच घाई न करता. ‘हे माझेर तळं, पश्चिमेकडचं टोक. ही बघ जलपर्णीची वळी, लाटांनी बांध खचू नये म्हणून आम्ही बांबूनं अडवून ठेवतो. हे बाबलातला. पाण्याचा रंग बघ, दोन दिवसांपूर्वी नवं पाणी घेतलंय, म्हणून इकडे काळसर. ह्या काड्या चोरांसाठी. रात्री कुणी जाळं टाकलं की अडकून फाटतं. पाच पाच हातांवर आहेत, मीच रोवल्यात.’ मला पाण्यावरचा कचरा वाटलेले ते ठिपके होते! पाच हातांवर एक, रांगेत. नव्वदातले साठ फोटो त्या दुपारी जागेवर बसले. मी कोपरे ओढत होते, आणि ते ‘आणखी थोडं, आणखी, बस’ म्हणत होते.

उठताना दादा सहज म्हणाले, ‘पुढच्या वेळी काड्यांना गमछ्याच्या लाल चिंध्या बांधून ठेवतो. एकीला एक, दुसरीला दोन. मग तुला मला विचारावं लागणार नाही.’ सर्वेक्षणात जमिनीवर खुणा मांडतात आणि त्यांना भारदस्त इंग्रजी नाव आहे, ते मी त्यांना सांगितलं नाही. गरज नव्हती.

दुसऱ्या खेपेला चिंध्या बांधलेल्या होत्या. तीन तळी टिपली आणि या खेपेला घोटाळा माझा झाला. फोटोंची नावं आपोआप लावायला मी एक छोटी आज्ञावली लिहिली होती : दादा तळ्याला जे नाव म्हणतील ते बांगला लिपीत फोल्डरला द्यायचं, त्यावरून फायलींची नावं तयार होतील. नावात ए ते झेड आणि आकडे सोडून जे काही असेल ते गाळून तिथे आडवी रेघ घालायची, असा नियम मी स्वतःच घातला होता. सगळेच घालतात. ‘बोडो’, ‘माझेर’, ‘बाबलातला’ ही तिन्ही नावं गाळणीतून गेली आणि तिन्हींची झाली एक रेघ. एकाच नावाच्या फायली एकमेकींवर बसल्या. कार्ड मी आधीच कोरं केलं होतं. दोन तळी गेली.

ही आज्ञावली मी तपासली होती बरं का. ‘टेस्ट वन’, ‘टेस्ट टू’, ‘टेस्ट थ्री’ अशी नावं देऊन. माझ्या मशीनवर चालली होती.

आपलं नाव देवनागरीत लिहिणाऱ्या बाईनं दुसऱ्याचं नाव कचरा म्हणून गाळलं, हे मला आठवडाभर टोचत राहिलं. दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘तळी आहेत ना जागेवर? पुन्हा काढ.’ पुन्हा काढली. नियम बदलला. आता कुठल्याही लिपीतलं अक्षर राहतं.

मग ‘पाण्यावरचे फोटो जोडताना’ असा एक छोटा मजकूर मी लिहिला : काठ्यांना मोजून चिंध्या बांधा, तळ्याचा रंग बघा, पाण्यावरच्या ज्या खुणा कचरा वाटतात त्या तिथल्या माणसाला दाखवल्याशिवाय फेकू नका. इतरांच्या उपयोगी पडावा म्हणून तो पाठवायला घेतला, तेव्हा अडले. बदल पाठवताना नोंदीच्या शेवटी सहलेखकाचं नाव घालता येतं, आणि गिटहब त्याला श्रेय देतं. पण त्या ओळीत नावापुढे ईमेल लागतो. दादांना ईमेल नव्हता. ईमेल नाही म्हणजे त्या यंत्राच्या लेखी माणूस नाही.

या शहरात हे पहिल्यांदा होत नव्हतं. जोरासांकोत जन्मलेले राधानाथ सिकदार ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यात ‘कॉम्प्युटर’ होते. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. जगातलं सर्वांत उंच शिखर त्यांच्या गणितातून पुढे आलं आणि नाव लागलं एव्हरेस्ट यांचं. १८५१च्या सर्वेक्षणाच्या पाठ्यपुस्तकात सिकदारांच्या कामाचा ऋणनिर्देश होता. ते १८७०मध्ये वारले, आणि १८७५च्या तिसऱ्या आवृत्तीत मजकूर राहिला, नाव गेलं. मी मजकुरातच एक ओळ घातली : चिंध्यांची युक्ती पूर्व कोलकात्याच्या भेडीवरच्या एका राखणदाराची आहे. नाव घालू का विचारलं, तर दादा म्हणाले, ‘नको, मंडळातले हसतील.’

एप्रिलच्या अखेरीला करोनाच्या दुसऱ्या लाटेत सगळं थांबलं. जूनमध्ये मी जोडलेला नकाशा फ्लेक्सवर छापून आणला, चार फूट बाय सहा. दादांनी तो आलाघराच्या भिंतीला ठोकला. बांधाचा वाद त्यानं मिटला नाही. शेजारी म्हणाला, हा तर वादळानंतरचा. पण पुढच्या वादळाआधीचा आहे, असं दादांनी त्याला ऐकवलं.

पावसाळ्यानंतर दादांचा पुतण्या आला. कॉलेजात शिकणारा, स्वतःचा लॅपटॉप घेऊन. त्याला हे सगळं शिकायचं होतं. मी माझी टिपणं दिली. रीडमीपेक्षाही सविस्तर, एकेक लाल ओळ अर्थासकट, नऊ दिवसांचा घाम. मला त्या टिपणांचा अभिमान होता. अर्ध्या तासानं फोन आला.

‘दिदी, पहिल्याच ओळीत अडलोय. ‘टर्मिनल उघडा’ लिहिलंय. कुठलं टर्मिनल?’

‘अरे, सरळ आहे. माझ्या मशीनवर तर…’

मी तिथेच थांबले. त्याचा लॅपटॉप विंडोजचा होता. काळ्या पडद्याची ती खिडकी त्यानं जन्मात उघडलेली नव्हती, आणि टर्मिनल म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर बस उभी राहत होती. पहिली ओळ लिहिताना त्या ओळीच्याही आधी काही असतं, हे मला दिसलं नव्हतं. वर्षभरापूर्वीची मी असते, तर दिसलं असतं का? कदाचित.

‘तू आत्ता कुठे अडलास ते तसंच लिहून ठेव,’ मी म्हटलं. ‘तुझ्या शब्दांत. सुधारू नकोस.’

त्यानं बांगलात लिहिलं, सात ओळी. टिपणांच्या सुरुवातीला, माझ्या पहिल्या ओळीच्या वर, त्या घातल्या. सहलेखकांच्या जागी त्यानं आपलं नाव आणि ईमेल टाकला. मग जरा थांबून विचारलं, काकांचंही टाकू का, ईमेल माझाच देतो. मी म्हटलं, काकांना विचार. फोनमागून दादांचा आवाज आला, हसले असावेत. थोड्या वेळानं माझ्या पडद्यावर बदल आला. खालच्या ओळीत बांगला अक्षरांत दादांचं पूर्ण नाव होतं, एकही अक्षर न गळता.